प्लास्टरच्या आधी चित्र: जालन्यातल्या एका बैठकीचं प्रकरण

घर जालन्यात, अंबड रस्त्याला. दुमजली बंगल्याचा स्लॅब पडला होता, एएसी, म्हणजे हलक्या सच्छिद्र सिमेंटच्या ब्लॉकच्या भिंती उभ्या होत्या आणि इलेक्ट्रिशियन भिंती खोदून वायरचे पाइप बसवत होता. कुटुंब सळईच्या व्यापारातलं. कादराबादच्या जुन्या वाड्यातून इकडे राहायला येणार होते: काका, काकू, मुलगा, सून आणि शाळेत जाणारी दोन मुलं. मी संभाजीनगरात घरांच्या अंतर्गत सजावटीचं काम करते. मला बोलावलं ते सूनबाईंनी, म्हणजे वहिनींनी, आणि तेही काम जवळजवळ दुसऱ्याला देऊन झाल्यावर.

त्या दुसऱ्या ठेकेदाराची थ्रीडी चित्रं दादांच्या, म्हणजे वहिनींच्या नवऱ्याच्या, मोबाइलवर होती. बैठकीची मुख्य भिंत चौदा फूट लांब, दहा फूट उंच. तिच्यावर कॉम्प्युटरनं चालणाऱ्या सीएनसी मशीनवर कापलेलं एमडीएफचं, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुश्श्याचं, पॅनेल, मागून पिवळा उजेड, मधोमध डोळे मिटलेला बुद्ध. बाजूच्या भिंतीवर कॅनव्हासवर छापलेले सात घोडे. वर दोन पायऱ्यांचं पीओपी सीलिंग आणि त्याच्या कडेनं फिरणारी उजेडाची पट्टी. फक्त बैठकीचा आकडा ३,४०,००० रुपये. अजिंठा आणि वेरूळ ज्यांच्या दारात, त्यांच्या घरी बुद्ध मात्र एमडीएफच्या भुश्श्यातून यावा, याची मला दर वेळी गंमत वाटते. वहिनींची तक्रार त्याहून साधी होती. "ताई, हेच आमच्या नणंदेकडं आहे, हेच दातांच्या डॉक्टरकडं आहे. मी घरी बसलेय का दवाखान्यात, तेच कळणार नाही."

वहिनी कॉमर्सच्या पदवीधर. शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा दिलेल्या, दुसरीत ए ग्रेड. त्यानंतर हातात ब्रश नाही. महाराष्ट्रात अशी माणसं घराघरात सापडतात, आणि घर सजवताना त्यांना कुणी विचारत नाही.

मी चित्रांबद्दल काहीच न बोलता आधी विचारलं, की या भिंतीसमोर कोण बसणार, आणि कधी? काका सकाळी पेपर घेऊन. संध्याकाळी दादांकडे येणारे व्यापारी. मुलांना तिथं खेळायला बंदी. मग दुपारी चार वाजता सगळ्यांना त्या अर्धवट खोलीत उभं केलं. समोरच्या पश्चिमेच्या मोठ्या खिडकीतून ऊन थेट मुख्य भिंतीवर आलं होतं आणि निम्मी भिंत तापली होती. थ्रीडी चित्रात सूर्य नसतो, त्यामुळे हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. जालन्यात मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो. त्या भिंतीवर कॅनव्हासवरचा छापील रंग दोन-तीन उन्हाळ्यांत निळसर पडतो आणि एमडीएफ फुगायला पावसाळ्याची ओल पुरते.

दुसरी गोष्ट भिंतीच्या पोटातली. एएसी ब्लॉक हलका आणि भुसभुशीत. त्यात नेहमीचा प्लास्टिकचा प्लग ठोकून वजनदार वस्तू टांगली, की प्लग हळूहळू सैल होतो. जड काही लावायचं असेल तर लोखंडी पट्टी आरसीसी कॉलमला किंवा बीमला बोल्ट करून घ्यावी लागते, आणि ती प्लास्टरच्या आधी. उजेडाचंही तसंच. चित्रावर वरून साधारण ३० अंशांच्या कोनात दिवा पडला तर काचेवर चमक येत नाही आणि चौकटीची सावली चित्रावर येत नाही. पण त्या दिव्याचा पॉइंट कुठे, हे चित्राची जागा ठरल्याशिवाय सांगता येत नाही. आपल्याकडे क्रम उलटा चालतो. सीलिंग होतं, रंग होतो, सोफा येतो, पडदे लागतात, वास्तुशांत होते, आणि मग उरलेल्या पैशात उरलेल्या भिंतीला "काहीतरी लावू" म्हणून बाजारात जातात. उरलेल्या भिंतीला उरलेलंच चित्र मिळतं. या प्रकरणात माझ्या हाती एकच मोठी सोय होती: प्लास्टर व्हायचं होतं.

दादांना मी एवढंच म्हटलं, की सीलिंग रद्द करा, साधा पांढरा स्लॅब ठेवा आणि ते पैसे वस्तूंकडे वळवा. खोलीची उंची दहा फूट, सीलिंगनं ती नऊच्या आत आली असती. दादा हिशेबाचे पक्के. "वस्तू म्हणजे नेमकं काय?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण ते त्यांनी पाहून ठरवायचं होतं.

पाहायला आम्ही आधी संभाजीनगरात गेलो. किलेअर्क भागात शासकीय कला महाविद्यालय आहे, तिथल्या विद्यार्थ्यांच्या कामाचं प्रदर्शन. मग मुंबई, जहांगीर आर्ट गॅलरी. ती १९५२ साली सुरू झाली, काळा घोड्याला आहे, तिकीट नाही, आणि बाहेरच्या फुटपाथवरही चित्रकार आपली कामं मांडून बसलेले असतात. मराठवाड्यातला माणूस मुंबईला दवाखान्यासाठी, मंत्रालयासाठी, मालाच्या खरेदीसाठी शंभरदा जातो, पण जहांगीरच्या पायऱ्या चढत नाही. आत जाताना कुणीतरी "काय घेणार?" असं विचारेल, अशी उगाच भीती असते. तिथं कुणीही काही विचारत नाही.

एका मोठ्या राखाडी चित्रासमोर काका बराच वेळ थांबले. "ताई, ह्यात काढलंय काय ते तरी सांगा. मला तर नुसतं धुकं दिसायलंय." मी म्हटलं, धुकं दिसतंय तर धुकं. त्यांना ते पटलं नाही, आणि न पटण्यात काही गैर नव्हतं. त्यावरून गायतोंड्यांचा विषय निघाला. चित्रकार वासुदेव गायतोंडे, जन्म नागपूरचा, १९२४ चा. रोलर आणि पॅलेट नाइफनं थरावर थर चढवायचे, खरवडायचे, पुन्हा चढवायचे. आपल्या चित्रांना अमूर्त म्हटलेलं त्यांना आवडत नसे. त्यांचं एक चित्र २०१५ मध्ये मुंबईतल्या लिलावात २९ कोटींच्या वर गेलं.

कोटी ऐकल्यावर दादांचे कान टवकारले, आणि परतीच्या गाडीत सगळं बोलणं गुंतवणुकीवर गेलं. त्यांना मी चित्रकार एम. एफ. हुसेन यांच्या 'ग्रामयात्रा'ची गोष्ट सांगितली. पंढरपुरात जन्मलेल्या हुसेन यांनी ते चित्र १९५४ मध्ये काढलं. त्याच वर्षी दिल्लीत ते नॉर्वेहून आलेल्या एका डॉक्टरानं घेतलं, आणि पुढे कित्येक दशकं ते ऑस्लोच्या रुग्णालयात लटकत राहिलं. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला सुमारे ११८ कोटी रुपये मिळाले. दादांनी यातून "म्हणजे ठेवून द्यायचं" हा अर्थ काढला. मला वेगळं सांगायचं होतं. अशी चित्रं बोटांवर मोजण्याइतकी, आणि पन्नास हजारांना घेतलेलं तरुण चित्रकाराचं काम पुढे विकायला गेलात तर बहुतेक वेळा गिऱ्हाईकच मिळत नाही. घरासाठी चित्र घेताना पैसे गेले असंच धरायचं. नफा हवा असेल तर सळई आहेच.

आता वस्तू.

बाजूच्या उत्तरेच्या भिंतीवर ऊन येत नाही. तिथं सहा फूट बाय चार फुटांचं एक चित्र आलं. करणारी मुलगी परतूर तालुक्यातली, कला महाविद्यालयातून बाहेर पडून काही वर्षं झालेली. ती शेतातली काळी माती चाळते, त्यात चुना आणि खडीची बारीक पूड मिसळते, अॅक्रिलिकच्या बाइंडरमध्ये कालवून कॅनव्हासवर थर देते आणि वाळताना भेगा पडू देते. कुठे गेरूचा पुसट पट्टा. आकृती नाही. वहिनींना ते पाहताक्षणी आवडलं. मी अंगठा दाबून फिरवून पाहिला, माती सुटत नव्हती. कॅनव्हासच्या मागं लाकडी चौकटीला आडवी पट्टी होती, त्यामुळे वजनानं झोळ येण्याची भीती कमी.

याच मुलीकडे बाकीची गिऱ्हाइकं पद्मपाणी मागतात. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला हा बोधिसत्त्व आमच्या भागात कॅनव्हासवर, टाइल्सवर, घड्याळावर, सगळीकडे असतो. नक्कल करण्याचा हा सोस जुना आहे आणि त्याचं नशीबही फारसं बरं नाही. मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४४ नंतर वर्षानुवर्षं लेण्यांत बसून प्रतिकृती केल्या, त्यांतल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. पुढे जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा केल्या, त्यांतल्याही कितीतरी १८८५ मध्ये लंडनलाच जळाल्या. मूळ चित्रं मात्र मातीच्या गिलाव्यावर टिकून आहेत. त्या गिलाव्यात भाताचं तूस आणि वनस्पतींचे तंतू आहेत, वर चुन्याचा पातळ हात, आणि रंग बरेचसे आसपासच्या खनिजांचे. अजिंठ्यापासून आज काही घ्यायचं असेल तर मला पद्मपाणीच्या चेहऱ्यापेक्षा तो गिलावा जास्त कामाचा वाटतो. परतूरच्या मुलीनं तोच घेतला आहे. तिनं तसं म्हटलं नाही, हे माझं वाचन.

काकांनी तिला पहिला प्रश्न विचारला, "कोणत्या शिवारातली माती?" मग अर्धा तास काळी, चोपण, मुरमाड यावर दोघांचं बोलणं झालं. बाहेर आल्यावर काका म्हणाले, "पोरगी चांगली हाय. पण माती बघायला साठ हजार?" वहिनींनी पैसे स्वतःच्या खात्यातून दिले, त्यामुळे हा वाद तिथंच थांबला.

मुख्य भिंत तापणारी. तिथं कागद, कापड, कॅनव्हास काहीच नको. लोखंडाला उन्हाचं भय नाही, आणि या घरात लोखंडाची कमी नाही. "जालना सोने का पालना" म्हणतात, पण आता जालन्याची ओळख सळईची. कारखान्यांत टोकांचे तुकडे पडतात, ते भट्टीत परत जातात. वाळूजला वेल्डिंगचं शेड असलेला एक शिल्पकार माझ्या ओळखीचा. त्याला दादांच्या गोदामात नेलं. त्यानं वेगवेगळ्या जाडीचे तुकडे वेचले, काही गंजलेले मुद्दाम घेतले, आणि पंधरा दिवसांनी वीतभर लांबीचा नमुना आणला: उभे तुकडे, खाली दाट, वर जाताना विरळ, कुठे एखादा वाकलेला. वाऱ्यात उभं असलेलं ज्वारीचं रान म्हणावं तसं. भिंतीपासून चार इंच पुढे, म्हणजे दुपारचं ऊन पडलं की मागं सावल्या सरकत जातील. ज्या उन्हाची अडचण होती ते कामाला लागलं.

किमतीवरून मात्र चांगलीच खडाजंगी झाली. शिल्पकारानं नव्वद हजार सांगितले. दादा म्हणाले, "भंगार माझं, आणि पैसे पण मीच द्यायचे?" भंगाराची किंमत किलोच्या भावानं वजा करायला शिल्पकार तयार होता. सत्तर किलोचे अडीच हजारही होत नव्हते. ते ऐकून दादा हसले आणि विषय संपला. करार मात्र लेखी केला: एक तृतीयांश आगाऊ, एक तृतीयांश शेडमध्ये जोडणी पाहिल्यावर, उरलेले भिंतीवर लागल्यावर. वर्षभर गंज आला तर दुरुस्ती त्याची. प्लास्टरच्या आधी दोन लोखंडी पट्ट्या कॉलमला बोल्ट झाल्या, प्लास्टरवाल्यानं त्यांची टोकं बाहेर ठेवली. हे मी स्वतः उभं राहून करून घेतलं. असल्या वेळी ठेकेदार फोनवर "हो मॅडम, झालं" म्हणतो आणि टोकं प्लास्टरखाली जातात.

तिसरी वस्तू घरातलीच. काकूंच्या लग्नातली हिमरूची शाल, ट्रंकेत घडी होऊन पडलेली. हिमरूचा ताणा सुती आणि बाणा रेशमी, त्यामुळे अंगावर मऊ आणि उजेडात चमक. औरंगाबादच्या या विणकरीचं नातं मुहम्मद तुघलकानं राजधानी देवगिरीला आणली त्या काळाशी जोडतात. घड्यांच्या रेषांवर रेशीम तुटायला लागलं होतं. गावातला फ्रेमवाला ती हार्डबोर्डवर गोंदानं चिकटवून, काठ कापून "फिट" करून देणार होता. तसं केलं की शाल संपली. आम्ही ती धुतलेल्या सुती कापडावर बारीक टाक्यांनी पेलून घेतली, काच कापडाला टेकू नये म्हणून मध्ये पट्टी सोडली, आणि ती आतल्या बोळात लावली, जिथं ऊन पोचत नाही. संग्रहालयात कापडाला आणि कागदाला ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) आसपास उजेड ठेवतात, तैलचित्राला २०० पर्यंत चालतो. घरात लक्स मोजत बसायचं कारण नाही, पण कापड अंधाऱ्या बाजूला आणि लोखंड उन्हात, एवढं तर कळतं.

त्याच बोळात तीन लिनोकट, म्हणजे लिनोलियमवर कोरून कागदावर छापलेले ठसे, लावले, विद्यार्थ्यांच्या प्रदर्शनातून घेतलेले. खाली पेन्सिलनं ४/१५ असा आकडा आणि सही. म्हणजे त्या ठशाच्या पंधराच प्रती, त्यातली ही चौथी. हातानं छापलेल्या मुद्राचित्रात आणि मशीनच्या डिजिटल प्रिंटमध्ये फरक इथंच. फ्रेमसकट तिन्हींचे मिळून अठरा हजार. नवखा माणूस पहिल्यांदा कला विकत घेणार असेल, तर माझ्या मते सुरुवात इथूनच करावी.

टांगण्याच्या उंचीवर घरात दोन तट पडले. चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ ते ६० इंचांवर ठेवावा, हा उभ्यानं पाहण्याचा हिशेब. काकांना तो फार खाली वाटला. आपल्या जुन्या घरांत तसबिरी दाराच्या वरच्या पट्टीला, पुढे झुकवून लावलेल्या असत. त्यात शहाणपण होतं. माणसं जमिनीवर, सतरंजीवर बसत, वर बघत, आणि तसबीर झुकलेली असली की काचेवर चमक येत नसे. सोफ्यावर बसणाऱ्या घरात मात्र ती उंची मान दुखवते. शेवटी काकांच्या आईवडिलांचे फोटो देवघराबाहेर जुन्याच उंचीवर, झुकवून लावले, आणि मातीचं चित्र माझ्या उंचीवर. दिवे ३००० केल्विनचे, म्हणजे किंचित पिवळसर उजेडाचे, आणि रंग नीट दाखवणारे, म्हणजे सीआरआय ९० च्या वरचे. स्वस्त दिव्याखाली गेरू चॉकलेटी दिसतो.

काकूंना सात घोडे हवेच होते. ते दादांच्या ऑफिसात गेले.

दिवाळीच्या आधी नवीनच गोष्ट निघाली. दादांना फर्मच्या कॅलेंडरवर मातीचं चित्र छापायचं होतं. "विकत घेतलंय ना आपण?" विकत घेतली ती वस्तू. छापण्याचा हक्क वेगळा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार तयार चित्र विकलं तरी कॉपीराइट चित्रकाराकडेच राहतो, तो लेखी द्यावा लागतो. आधी सांगून, पैसे देऊन करवून घेतलेल्या चित्राला कायद्यात अपवाद आहे, तिथं वेगळा करार नसेल तर हक्क ते करवून घेणाऱ्याकडे जातो. शिल्प त्या अपवादात नाही, म्हणजे सांगून घडवलेलं असूनही शिल्पाचा कॉपीराइट शिल्पकाराचा. शिवाय त्याच कायद्याचं कलम ५७ आहे. कलाकाराची प्रतिष्ठा जाईल अशी मोडतोड मालकालाही करता येत नाही. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सेहगल यांचं ब्राँझचं भित्तिशिल्प सरकारनं १९७९ मध्ये काढून टाकलं, तो खटला २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात सेहगल यांच्या बाजूनं लागला. दादांनी परतूरला फोन केला. मुलीनं एका वर्षाच्या कॅलेंडरची परवानगी पाच हजारांत आणि खाली तिचं नाव छापण्याच्या अटीवर दिली. काकांना हा व्यवहार समजला आणि आवडलाही. चित्र अजून आवडलेलं नाही.

बैठकीचा, बोळ धरून, हिशेब असा झाला: चित्र साठ हजार, शिल्प नव्वद, लिनोकट अठरा, शालीचं काम सात, दिवे आणि त्यांचं वायरिंग बावीस. एकूण १,९७,०००. सीलिंग नाही, पॅनेल नाही. यात माझी फी धरलेली नाही, ती धरली तरी आकडा पहिल्या कोटेशनच्या खालीच राहतो. वेळ मात्र पाच महिने जास्त लागला, आणि त्यातले दोन महिने बैठकीत फक्त प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. ज्यांना गृहप्रवेशाच्या तारखेला सगळं तयार हवं असतं त्यांना हा रस्ता जमणार नाही.

पाहुण्यांच्या प्रतिक्रिया अपेक्षेप्रमाणे. "काम अर्धंच राहिलंय का?" हा शिल्पाबद्दलचा नेहमीचा प्रश्न. नणंदबाईंनी शिल्पकाराचा नंबर घेतला. त्यांना हेच हवं होतं, फक्त मोठं, सोनेरी रंगात आणि तीस हजारांत. शिल्पकारानं नम्रपणे नाही म्हटलं.

पहिल्या पावसाळ्यात शिल्पाच्या तीन-चार जोडांवर गंजाचे ठिपके आले, जिथं लॅकरचा पारदर्शक हात नीट पोचला नव्हता. करारात होतं म्हणून तो वाळूजहून आला, घासून पुन्हा दोन हात देऊन गेला. जे तुकडे मुद्दाम गंजके घेतले होते तेही कामवाल्या मावशींनी एका दुपारी काथ्यानं घासून लख्ख केले होते. ते तसेच राहू दिले. चित्राला ओलं फडकं लावायचं नाही, फक्त कोरडा मऊ ब्रश, हे आता मावशींना पाठ आहे.

वहिनींनी एक फाइल केली आहे. प्रत्येक कामाचं बिल, माध्यम, माप आणि वर्ष लिहिलेलं कलाकाराच्या सहीचं पत्र, पुढून-मागून फोटो, दोन्ही करार. घराच्या विम्यात अशा वस्तू किमतीसह वेगळ्या नोंदवून घ्याव्या लागतात. तो फॉर्म एजंटकडे गेला आहे. "सळयांचे तुकडे, नव्वद हजार" ही ओळ वाचून त्यानं खुलाशासाठी परत पाठवला, आणि या वेळी तो दादा स्वतः भरायलेत.